दुसऱ्या वर्षाचं दार

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दादानं लिहिलं, "हे डिप्लोमावाले सीईटी न देता थेट दुसऱ्या वर्षात घुसतात आणि आपल्या पोरांच्या जागा खातात." रोख ताईच्या मुलावर होता. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक करून तो नुकताच पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात मेकॅनिकलला लागलाय. ताईनं उत्तर दिलं नाही, नुसते जोडलेले हात टाकले. माझा मात्र दिवसभर जीव जळत राहिला.

मुळात हिशेबच चुकीचा. थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर जागांवर १० टक्के जागा जादा असतात, शिवाय पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या. यात दादाच्या मुलाचं काय गेलं? आणि ही पोरं फुकट येत नाहीत. डिप्लोमाच्या टक्क्यांवर मेरिट लागतं, प्रवेश उशिरा होतो आणि वर्गात पाऊल ठेवलं की समोर एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर. एम-वन, एम-टू बाकीच्यांनी त्याच कॉलेजात केलेलं असतं, यांनी नाही.

इथे कॅलिफोर्नियात या दाराला कुणी मागचं दार म्हणत नाही. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं, ही वाट १९६० च्या मास्टर प्लॅननंच आखून दिली. पहिल्या वर्षाला दोन नवी मुलं घेतली तर ट्रान्स्फरनं एक घ्यायचं, हे यूसीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं, उद्दिष्ट आहे. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅकसुद्धा डि अँझा या कम्युनिटी कॉलेजातूनच यूसीच्या बर्कली कॅम्पसला गेला.

माझी मुलगी त्याच वाटेनं गेली. एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ३१ डॉलर फी. रात्री जेवणं झाली की ती असिस्ट या वेबसाइटचं पान उघडायची. डावीकडे डि अँझाचा विषय, उजवीकडे त्याच्या बदल्यात बर्कली कोणता धरणार ते. कॅल्क्युलसचे चार क्वार्टर, लिनिअर अल्जिब्रा, फिजिक्स. एकेक झाला की छापलेल्या कागदावर पेन्सिलीनं बरोबरची खूण. टॅग, म्हणजे ट्रान्स्फर प्रवेशाची आगाऊ हमी, यूसीच्या सहा कॅम्पसना मिळते, त्यात बर्कली नाही. त्यामुळे एप्रिल संपेपर्यंत आम्हा दोघींना झोप नव्हती.

तो कागद बघताना मला १९९४ आठवायचं. कृष्णाकाठच्या लहान कॉलेजातून मला पुण्याला बदली हवी होती. आबा रात्रीच्या एसटीनं माझ्याबरोबर आले. गुणपत्रिका, दाखले, सगळा सिलॅबस त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. खिडकीतल्या माणसानं पिशवीला हातही लावला नाही. "तुमचा सिलॅबस जुळत नाही," म्हणाला. न उघडता कसं कळलं, हे विचारायची आमची दोघांची हिंमत झाली नाही. स्वारगेटला बसून आम्ही घरची चपाती-भाजी खाल्ली आणि परत फिरलो.

म्हणून दादाचा राग येतो. असा राग आला की मी लगेच 'आमच्याकडे असं नसतं' म्हणते, आणि त्या 'आमच्याकडे'त मी कॅलिफोर्निया धरलेला असतो.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. मुलगी डि अँझात होती तेव्हा मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारलं, "मुलगी कुठे आहे सध्या?" मी म्हटलं, "इथेच जवळ, कंप्युटर करतेय." कॉलेजचं नाव तोंडातून निघालं नाही. आजूबाजूला सगळ्यांची मुलं स्टॅनफर्ड, कार्नेगी मेलन. ती शेजारीच मोदकांची ताटली घेऊन उभी होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, तुला माझ्या कॉलेजचं नाव सांगता येत नाही का?" मी रेडिओ लावला.

जागा खाल्ल्याचं दादानं निदान तोंडावर तरी लिहिलं. मी माझ्याच मुलीची दोन वर्षं लपवली, आणि तीही अशा गावात जिथे ती लपवायची गरजच नव्हती. तीस वर्षं इथे राहूनही लोक काय म्हणतील हे मी सांगलीच्याच कानांनी ऐकते.

दादाला अजून वाटतं, ती चारही वर्षं बर्कलीलाच होती. तसं मी त्याला कधी सांगितलं नाही, आणि खोडलंही नाही. ग्रुपवर त्याच्याशी वाद घालायच्या आधी या रविवारी फोन करून एवढं त्याला सांगणार आहे. ताईलाही.