पैशाअभावी आता कोणाचेच शिक्षण अडत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी

प्रवेशाचा हंगाम आला की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा आहे: महाराष्ट्रात आज पैशाअभावी कोणाचेही उच्च शिक्षण अडत नाही. योजना ढीगभर आहेत, अर्ज घरबसल्या मोबाइलवरून भरता येतात, फी माफ होते, मुलींना तर सगळेच मोफत आहे, राहण्याजेवण्याचे पैसे थेट खात्यात येतात, हुशार मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे आणि ज्यांना यातले काहीच मिळत नाही त्यांना बँका तारणाशिवाय कर्ज देतात; तेव्हा जो शिक्षण सोडतो तो आळसाने सोडतो, परिस्थितीने नव्हे. एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या अर्जांचे काम मी अनेक वर्षे पाहत आहे आणि हा मजकूर मला माझ्या नातेवाइकांनीही पाठवला आहे. त्यात उल्लेखलेल्या योजना खऱ्या आहेत, त्यामुळे त्यांच्या आधाराने काढलेला निष्कर्षही लोकांना खरा वाटतो. तो खरा नाही.

पहिला मुद्दा घरबसल्या अर्जाचा. राज्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज २०१७-१८ पासून महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर भरले जातात आणि कागदांचे गठ्ठे घेऊन जिल्ह्याच्या कार्यालयात खेटे घालण्याच्या दिवसांपेक्षा ही व्यवस्था निश्चितच बरी आहे. मात्र मोबाइलवर भरला जातो तो केवळ अर्ज. त्याला जोडायचे दाखले इतक्या सहज हाती येत नाहीत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, इतर मागासवर्गीयांसाठी नॉन-क्रिमीलेअर, व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, मध्ये एखादे वर्ष गेले असेल तर त्याचे शपथपत्र, अशी ही मालिका आहे. ज्या घरात आधी कोणी बारावीच्या पुढे गेलेले नाही, त्या घरात यातला प्रत्येक कागद पहिल्यांदाच काढायचा असतो आणि त्यासाठी तालुक्याला गेलेल्या बापाचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

त्यानंतरची अडचण बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधार कार्डावर त्याच नावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. वडिलांचे नाव एका दाखल्यावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतेच ‘राव’ लावून. माणसाला हे एकच नाव दिसते, संगणकाला दोन दिसतात. मग आधार केंद्राची रांग, दुरुस्ती होईपर्यंतचे दिवस आणि तोवर हाती आलेला ‘सेंड बॅक’चा, म्हणजे दुरुस्तीसाठी अर्ज परत पाठवल्याचा, शेरा. महाविद्यालयातील लिपिक, प्राचार्य आणि जिल्ह्याचे कार्यालय अशा पायऱ्यांनी अर्ज वर जातो. त्रुटी निघाली की तो त्याच पायऱ्यांनी खाली येतो. आपला अर्ज परत आला आहे हे विद्यार्थ्याला स्वतः संकेतस्थळावर जाऊन पाहिल्याशिवाय अनेकदा कळतच नाही, कारण नोंदवलेला मोबाइल क्रमांक अर्ज भरून देणाऱ्या केंद्रवाल्याचा असतो.

दुसरा मुद्दा फी माफीचा. ‘माफी’ हा शब्दच येथे दिशाभूल करतो, कारण बहुतेक योजना माफीच्या नसून प्रतिपूर्तीच्या आहेत, म्हणजे शासन ती रक्कम नंतर भरून देते. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी ते शुल्क घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. तरीही विनाअनुदानित संस्थांत ‘आत्ता भरा, आले की परत देऊ’ हे वाक्य पालकांना ऐकावे लागते आणि पालक व्याजाने पैसे आणून ते भरतात. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्यालाच नंतर परत मिळणारे पैसे उपयोगी पडतात, हे या मजकुराच्या लेखकाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

मुलींबाबत तर मजकूर अर्धेच सांगतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्वी मिळणारी ५० टक्क्यांची सवलत १०० टक्के करण्यात आली. हा निर्णय मोठा आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश, अभिमत विद्यापीठे आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यात येत नाहीत. सवलत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ, प्रवास, पुस्तके आणि प्रयोगवह्या यांचा खर्च मुलीच्या घरच्यांवरच राहतो. ‘सगळे मोफत’ असे वाचून मुलीला शहरात पाठवणारा बाप पहिल्या महिन्यातच अडचणीत येतो, आणि मग घरात सर्वांत आधी चर्चा सुरू होते ती मुलीला परत आणण्याची.

तिसरा मुद्दा राहण्याजेवण्याच्या पैशांचा. शिक्षण खरे अडते ते येथे, म्हणून आकडे मांडणे भाग आहे. अनुसूचित जातींसाठीची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आलेली आहे. तिच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्यावसायिक पदवीच्या गटात वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून येणाऱ्यास ७,००० रुपये निर्वाह भत्ता आहे. साधी कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेची पदवी घेणाऱ्यासाठी हेच आकडे ६,००० आणि ३,००० आहेत. तीन हजारांना बाराने भागले तर महिन्याला अडीचशे रुपये येतात. खेड्यातून तालुक्याच्या महाविद्यालयात रोज येणाऱ्या मुलाने अडीचशे रुपयांत एसटीचा पास काढायचा की वही-पुस्तके घ्यायची, याचे उत्तर मजकूर पुढे पाठवणाऱ्याने द्यावे. शिवाय या शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, म्हणजे महिन्याला वीस हजार आठशे रुपयांच्या आसपास. आई-वडील दोघेही राबत असतील तर ती सहज ओलांडली जाते, आणि ओलांडली की निर्वाह भत्ता कमी होत नाही, तो पूर्ण थांबतो. राज्याच्या फ्रीशिप या शुल्क-प्रतिपूर्ती योजनेतून शुल्काची सोय होते, पोटाची होत नाही.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना याहून पुष्कळ सशक्त आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला एकूण ६०,००० रुपये मिळतात: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. दहा महिन्यांच्या हिशेबाने निवासाचे महिन्याला दोन हजार होतात. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला त्याचे भाडे विचारावे आणि वर घरमालक आगाऊ किती अनामत घेतो तेही विचारावे. ही योजना मला महत्त्वाची वाटते, अनेक मुले तिच्यावरच शिकली आहेत. पण अनामत जूनमध्ये द्यावी लागते, खानावळीचे पैसे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागतात, आणि योजनेचे पैसे हप्त्याने, अर्ज मंजूर झाल्यावर येतात. मधले महिने कोणाच्या जिवावर काढायचे?

‘थेट खात्यात’ या शब्दांतही एक खाच आहे. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातातच असे नाही. आधारशी सर्वांत शेवटी जोडलेले जे खाते राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत असेल त्यावर ते जातात. एका विद्यार्थिनीचे पैसे जमा झाल्याचे दिसत होते, पासबुकात मात्र काहीच नव्हते. दोन आठवड्यांच्या शोधानंतर निष्पन्न झाले की सिमकार्ड घेताना दुकानदाराने तिच्या अंगठ्यावर एक पेमेंट बँकेचे खाते उघडून ठेवले होते आणि रक्कम तेथे पडून होती. त्या दोन आठवड्यांत ती दुपारी खानावळीत जेवली नव्हती. हे तिने सांगितले नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितले.

आपल्या इतिहासात हा प्रश्न अधिक चांगला ओळखला गेला होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभारायला सुरुवात केली, कारण फी माफ करून खेड्यातला मुलगा शहरात टिकत नाही हे त्यांनी पाहिले होते. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये तरुण भीमरावांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले ते तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देऊन. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले तेव्हा मुलांच्या कष्टाला आणि त्यांच्या जेवणाला एकाच छपराखाली आणले. या तिघांच्या मदतीत रकमेइतकेच महत्त्व वेळेला होते: भूक लागण्याच्या आधी ताटाची व्यवस्था झालेली होती.

चौथा मुद्दा केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीचा आहे आणि तो थोडक्यात संपतो. महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीच्या या योजनेत बारावीला आपल्या मंडळात ८० व्या पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे वरच्या वीस टक्क्यांत असलेल्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातील मुलांना पदवीच्या काळात वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दर वर्षी नव्या शिष्यवृत्त्या ८२,००० असतात आणि त्या साऱ्या देशासाठी असतात. एवढ्यावर ‘हुशार मुलांची काळजी मिटली’ असे म्हणता येत नाही.

पाचवा मुद्दा कर्जाचा. ७.५ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या हमी योजनेमुळे तारण लागत नाही, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार या दोन्हींशिवाय कर्ज मिळण्याची सोय आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व त्यानंतरच्या सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांपुरती. तालुक्याच्या बहुसंख्य महाविद्यालयांची नावे त्या यादीत नाहीत. राहिलेल्यांसाठी हिशेब असा होतो: चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला दर वर्षी सव्वा लाख असे पाच लाख घेतले, दर १० टक्के धरला आणि शिक्षणानंतरचे एक वर्ष परतफेड सुरू झाली नाही, तर व्याज सरळ धरूनही पहिला हप्ता भरण्याआधी १ लाख ७५ हजारांचे व्याज साचलेले असते. ज्याला नोकरीची शाश्वती आहे तो हे ओझे उचलेल. ज्याच्या घरावर आधीच पीककर्ज आहे तो शाखेच्या दारातूनच परत येईल, कारण सहकर्जदार म्हणून वडिलांचा सिबिल गुणांक, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारी पत, पाहिली जाते. ‘तुमचे गाव आमच्या शाखेच्या क्षेत्रात येत नाही’ असे सांगून परत पाठवलेले पालक मी पाहिले आहेत. या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळवले आहे. हे माहीत असलेला पालक लेखी उत्तर मागतो आणि बहुतेकदा तेथेच सूर बदलतो.

आता शेवटचा आरोप, आळसाचा. मजकुराच्या अखेरीस लिहिलेले असते की मुदतवाढीवर मुदतवाढ मिळूनही मुले अर्ज भरत नाहीत. काही मुले खरोखरच हलगर्जी करतात. त्यांना मीच वर्गात जाऊन बोलावून आणतो. पण मुदतवाढीचा अर्थ मजकुराने उलटा लावला आहे. अर्जाची मुदत पुढे गेली की पडताळणी पुढे जाते, पडताळणी पुढे गेली की मंजुरी आणि हप्ताही पुढे जातो. म्हणजे ज्याने पहिल्याच आठवड्यात अर्ज भरला त्यालाही थांबावे लागते. माझ्या माहितीतील एका मुलीने ऑगस्टमध्ये सगळे दाखले जोडून अर्ज भरला होता, त्यात एकही त्रुटी निघाली नाही. दिवाळीला ती घरी गेली ती परत आली नाही, कारण खानावळीचे तीन महिने थकले होते आणि मालकाने डबा बंद केला होता. तिचा पहिला हप्ता मार्चमध्ये जमा झाला. त्या दिवशी मी फोन केला तेव्हा ती कांद्याच्या काढणीला गेली होती, फोन तिच्या धाकट्या भावाने घेतला, आणि पुढच्या वर्षी त्यालाही प्रवेश घ्यायचा आहे, त्याने आत्तापासून कोणकोणते दाखले काढून ठेवावेत, असे त्याने मला विचारले.