लाळ गळते म्हणून कुत्र्याच्या घशात बोट घालू नका

‘कुत्र्याची लाळ फार गळत असेल तर ती पोटातली उष्णता समजावी, मिठाचे पाणी पाजून उलटी करवावी, घशात हाड अडकले आहे का ते बोट घालून पाहावे, आणि तोंडाला फेस नसेल तर रेबीजची शंका घेऊ नये,’ असा मजकूर सध्या मोबाइलवर फिरत आहे. तो खरा मानून माझी मावशी तिच्या कुत्र्यासाठी पाण्यात मीठ कालवायला बसली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातला सर्वांत घातक सल्ला बोट घालण्याचा आहे. रेबीजच्या मुक्या प्रकारात कुत्रा पिसाळल्यासारखा अंगावर धावून येत नाही. त्याच्या घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात, खालचा जबडा लोंबतो, भुंकण्याचा आवाज बदलतो आणि गिळताच येत नसल्यामुळे लाळ ओघळत राहते. पाहणाऱ्याला हाड अडकल्यासारखेच वाटते आणि तो हात आत घालतो. फेस दिसलाच पाहिजे असा नियम नाही. उलट लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू असू शकतो. खरचटलेल्या त्वचेला किंवा डोळ्यांना, ओठांच्या आतल्या भागाला अशी लाळ लागली, तर जागतिक आरोग्य संघटना तो संपर्क सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत धरते. ती जागा साबण आणि पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच लस व इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, घ्यावे, असे ती सांगते, कारण माणसात रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळपास कधीच वाचत नाही. असे असताना ‘बोट घालून पाहा’ असे बेधडक लिहिणाऱ्याला काय म्हणावे?

हाड अडकते, हे मात्र मान्य करावे लागेल. वरच्या दाढांच्या मध्ये, टाळूला आडवे हाड किंवा काटकी रुतून बसते आणि कुत्रा पंजाने तोंड खाजवत राहतो. पण ते काढायचे पशुवैद्याने, गरज पडल्यास गुंगीचे औषध देऊन.

मिठाचे पाणी तर सरळ विषासारखे ठरू शकते. त्याने रक्तातले सोडियम वाढते, कंप आणि झटके येतात, कुत्रा दगावतोही. आणि ज्याला गिळता येत नाही त्याच्या फुप्फुसात ते पाणी उतरते.

‘पोटातली उष्णता’ हे निदानच नव्हे. उष्माघात मात्र खरा असतो: एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असणारे शरीराचे तापमान ४१ च्या वर गेले, धाप आणि चिकट लाळ थांबेना, तर अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठावा.

सेंट बर्नार्ड किंवा मॅस्टिफ यांच्या लोंबत्या ओठांतून लाळ गळणे नेहमीचेच आहे. इतर कुत्र्यांत ती अचानक वाढली, तर दात-हिरड्यांचा आजार, मळमळ, कीटकनाशक चाटणे अशी कारणे तपासावी लागतात. लाळेसोबत पोट टम्म फुगले असेल आणि वारंवार उमासे येऊनही काहीच बाहेर पडत नसेल, तर जठराला पीळ पडलेला असण्याची शक्यता असते. अशा कुत्र्याला, रात्र असली तरी, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात तत्काळ न्यावे.