ट्यूटर कशाला, ॲप आहे की!

आज एका ग्रुपवर मी सहज लिहिलं की स्पॅनिश शिकतेय, आठवड्यातून दोनदा, वन-टू-वन. लगेच एकाने टाकलं, "ॲप फुकट असताना ट्यूटर? हौसेला मोल नाही हेच खरं!" वर तीन हसरे चेहरे. सकाळपासून डोक्यात जातंय ते.

अरे बाबा, ॲप मीही वर्षभर केलंय. रोज. एक दिवस चुकला नाही. आणि पहिल्या तासाला बाईंनी विचारलं काय वाचायला आवडतं, तर मी ठणकावून सांगितलं, "यो गुस्तो एल लिब्रो". म्हणजे आय लाइक द बुक, शब्दाला शब्द ठेवून. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, इंग्लिश सोडा, तुमच्या भाषेत कसं म्हणता? मी म्हटलं, मला पुस्तक आवडतं. मग मला एकेक शब्द सोडवायला लावला. 'मला' म्हणजे? 'आवडतं' कुणाप्रमाणे चालतं, तुमच्याप्रमाणे की पुस्तकाप्रमाणे? पुस्तकं दोन असली तर? मी म्हटलं, आवडतात. त्यांनी टेबलावर थाप मारली, "मे गुस्ता एल लिब्रो, मे गुस्तान लोस लिब्रोस!"

डिट्टो मराठी! आणि मी वर्षभर इंग्लिशच्या दारातून आत शिरायला बघत होते, आपलं दार सताड उघडं असताना.

उच्चारांचंही तेच, मी 'टेंगो टेंगो' करत होते, बाई म्हणाल्या जीभ दाताला लावा, म्हणजे चक्क आपला त! तेंगो. आणि माञाना म्हणताना तर बाराखडीतल्या त्या बिचाऱ्या ञ ला जन्मात पहिल्यांदा काम मिळालं.

शब्द पाठ व्हायला ॲप बरं आहे, मान्य. आणि ट्यूटरही सगळे भले नसतात, माझे आधीचे सर साठातली चाळीस मिनिटं स्वतःच बोलायचे, मी आपली 'सी, सी' करत मान हलवायचे. पण एकदा कंटाळा आलाय म्हणायला मी "सोय आबुर्रिदा" म्हणाले. व्याकरण एकदम बरोबर, ॲपने हिरवी खूण दिली असती. अर्थ काय, तर मी कंटाळवाणी बाई आहे! तिथे 'एस्तोय' हवं होतं. मला काय म्हणायचं होतं हे समोर बसलेल्या माणसालाच कळणार ना? असो, चिडतेय मी उगाच. ज्याने लिहिलं तोही वाईट नाही, त्याला बाईंनी कधी "तुमच्या भाषेत कसं म्हणता?" असं विचारलेलं नाही, एवढंच.

त्या प्रश्नाने झालं काय, की आता बाईंनाच मराठीची चटक लागलीय. काल तास संपल्यावर म्हणाल्या, ते तुमचं पुस्तकाचं वाक्य मला शिकवा. "माला पुस्ताक आबादता." व चा ब होतो त्यांचा, स्पॅनिशमध्ये दोन्ही एकच. आणि ड काही केल्या जमेना, द नाहीतर र. चार वेळा झालं. तोंडाशी आलेला ड मी गिळला, म्हटलं "ओत्रा वेस", म्हणजे पुन्हा एकदा, आणि त्या माझ्यासाठी थांबतात तशी थांबून राहिले.