करंट लावून ‘एका दिवसात’ कुणी चालत नाही

‘मणका मोडून पाय गेलेला माणूस करंट लावला की एका दिवसात चालतो. तीच मशीन दीड हजारात मिळते. व्यायामाची गरज नाही.’ आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय.

‘एका दिवसात’ यात थोडं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. 2022 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी कमरेखाली लुळ्या पडलेल्या तिघांच्या मज्जारज्जूवर (मणक्यातून जाणाऱ्या नसांच्या दोरीवर) ऑपरेशन करून इलेक्ट्रोडची पट्टी बसवली. करंट सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी पावलं पडली. पण अंगाचा भार वरून दोरांनी तोलून धरला होता आणि पुढे कित्येक महिने सराव करावा लागला.

व्यायाम नको? 2018 मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलला चौघांवर असाच प्रयोग झाला. जमिनीवर चालू शकले दोघंच. त्यातल्या एकाला 85 आठवड्यांत 278 वेळा सराव करावा लागला, दुसऱ्याला 15 आठवड्यांत 81 वेळा. एकाचं तर सरावातच खुब्याचं हाड मोडलं. पाय वापरात नसले की हाडं ठिसूळ होतात, हे मेसेजवाला सांगत नाही.

आता ती दीड हजाराची मशीन. ती दुखणं कमी करण्यासाठी असते; मज्जारज्जूवर बसवलेल्या पट्टीशी तिचा काही संबंध नाही. माझा चुलतभाऊ कापसाची ट्रॉली भरताना वरून पडला, तेव्हापासून कमरेखाली त्याला काही कळत नाही. हा मेसेज वाचून वहिनीने मशीन आणली, मांडीला पॅड लावले आणि ‘सोसेल तेवढं वाढवा’ म्हणून वाढवत गेली. त्याला सोसण्या-न सोसण्याचं कळणार कसं? पॅड काढला तर खाली रुपयाएवढा फोड. ती जखम भरायला दोन महिने लागले. मला त्या फोडाचा अजून राग येतो.

कातडीवरून करंट देण्याचं संशोधनही खरंखुरं आहे. मानेच्या दुखापतीने हात कमजोर झालेल्या 60 जणांवरच्या चाचणीचा निकाल 2024 मध्ये आला. 72 टक्के लोकांच्या हातांत ताकद आणि कामाची क्षमता दोन्ही वाढली. पण ते यंत्र वेगळं, सोबत थेरपिस्टकडून व्यायाम, आणि फायदा हातांना. चालण्याचा त्यात प्रश्नच नव्हता.

‘डॉक्टर हे लपवतात’ असंही मेसेजवाले म्हणतात. हे सगळं छापून आलेलं आहे.

वहिनी आता दर दोन तासांनी भावाची कूस बदलते, घोटे आणि गुडघे हलवून मोकळे ठेवते आणि रोज संध्याकाळी आरसा धरून त्याच्या माकडहाडाजवळची कातडी बघते.