युनायटेड कंगाल झालं म्हणणाऱ्या लिव्हरपूलवाल्यांना, एका लिव्हरपूलवाल्याकडून

नेरूळपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या लिव्हरपूलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एकच मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: आपल्या लिव्हरपूलचा इंग्लिश फुटबॉलमधला जुना वैरी क्लब मँचेस्टर युनायटेडवर 100 कोटी पौंडांचं कर्ज आहे, म्हणजे क्लबचं दिवाळं निघालंय. पगाराला पैसे नाहीत म्हणून कर्मचाऱ्यांचं जेवण बंद केलं, माजी प्रशिक्षक फर्ग्युसनचं मानधनही थांबवलं. तरीही एवढे महागडे खेळाडू घेतले, म्हणजे हिशेबात घोटाळा आहे. त्यामुळे एव्हर्टन क्लबसारखे लीगमधले गुण कापले जाणार, हे नक्की. हिस्सेदार रॅटक्लिफने मालक ग्लेझरांचं कर्ज फेडलं आणि आता तोच बुडालाय. आणि शेवटी, जाड ठशात: ‘आपल्या क्लबवर अशी वेळ कधी आली नाही, येणारही नाही.’

मला युनायटेडचा वकील समजू नका. ते हरले की माझा सोमवार बरा जातो. पण या मजकुरातलं काही खोटं आहे, काही अर्धवट, आणि शेवटचं वाक्य तर ठाणे-नेरूळ लोकलमध्ये एखाद्या युनायटेडवाल्यासमोर बोललात तर तुर्भे यायच्या आत तोंड लपवायची वेळ येईल.

आधी कर्ज. आकडा अगदीच हवेतला नाही. मूळ कर्ज 65 कोटी डॉलर. पौंड नव्हे, डॉलर, त्यामुळे पौंडांत मांडलं की विनिमय दराबरोबर ते वरखाली होतं. त्यावर बँकांकडून वेळोवेळी उचललेली रक्कम आणि घेतलेल्या खेळाडूंपोटी दुसऱ्या क्लबांना द्यायचे राहिलेले हप्ते. हे सगळं एकत्र केलं की बेरीज 100 कोटी पौंडांच्या पुढे जाते. पण एवढ्यावरून दिवाळं ठरत नाही. कमाई किती, तेही बघावं लागतं. 2024-25 मध्ये युनायटेडचा महसूल 66.65 कोटी पौंड होता, क्लबच्या इतिहासातला सर्वाधिक. आणि हंगाम कसला? लीगमध्ये पंधरावा नंबर, वर बिल्बाओत टॉटनहॅमकडून युरोपा लीगची फायनल हरलेली. पंधरावं येऊन विक्रमी कमाई करणारा क्लब कंगाल नसतो. चीड येते, पण खरं आहे. यातली निम्मी कमाई प्रायोजक आणि विक्रीतून आलेली: आदिदासशी 10 वर्षांचा 90 कोटी पौंडांचा करार, छातीवर स्नॅपड्रॅगन, आणि 2013 पासून आपले अपोलो टायर्सवालेही त्यांच्या भागीदारांत. 

तोटा आहेच. 2023-24 मध्ये 11.32 कोटी पौंड, पुढच्या वर्षी 3.3 कोटी. पण 2023-24 मध्ये आपल्या लिव्हरपूललाही करापूर्वी सुमारे 5.7 कोटी पौंडांचा तोटा झाला होता. तेव्हा कुणी लाल भोंग्याचा इमोजी टाकून मजकूर फिरवल्याचं मला आठवत नाही.

मग हे कर्ज आलं कुठून, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर या मजकुरात नेमकं नाही. 2005 पर्यंत युनायटेड कर्जमुक्त क्लब होता. त्या वर्षी टँपा बे बकेनियर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक माल्कम ग्लेझर यांनी तो सुमारे 79 कोटी पौंडांच्या किमतीला घेतला आणि त्यातले 50 कोटींहून जास्त पैसे उसने आणले. वाशीत सेक्टर 17 मधलं धो-धो चालणारं एखादं हॉटेल कुणी कर्ज काढून विकत घ्यावं, मग ते कर्ज हॉटेलच्याच डोक्यावर ठेवावं आणि हप्ते गल्ल्यातून भरावेत, तसा हा व्यवहार. पैशांचा एक भाग हेज फंडांकडून (जोखमीची गुंतवणूक करणारे फंड) आला होता आणि त्यावरचं व्याज होतं 14.25 टक्के. संतापलेल्या चाहत्यांपैकी काहींनी तेव्हाच वेगळं होऊन एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. 2010 मध्ये बाकीचे हिरव्या-सोनेरी मफलरी घालून ओल्ड ट्रॅफर्डला, युनायटेडच्या मैदानावर, यायला लागले. युनायटेडचं जुनं नाव न्यूटन हीथ, त्याचे ते रंग. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात समभाग विकले गेले, पण त्या पैशांतलाही निम्मा वाटा ग्लेझर कुटुंबाकडे गेला. व्याज, कर्जावरचे इतर खर्च आणि लाभांश असे 2005 पासून क्लबमधून 100 कोटी पौंडांहून अधिक बाहेर गेलेत. आणि मुद्दल? 65 कोटी डॉलर, अजून जागेवर.

म्हणजे पैसा नाही असं नाहीच. क्लब भरपूर कमावतो आणि त्यातला मोठा घास दरवर्षी स्वतःच्याच खरेदीची किंमत चुकवण्यात जातो. ज्याने घेतला त्याने ती चुकवायची, तर ती तिकीट काढणारा चुकवतोय. युनायटेडला चिडवायचंच असेल तर चिडवायला हे पुरेसं आहे. दिवाळं कल्पून काढायची गरज नाही.

आता जेवणाचा मुद्दा. घटना खऱ्या आहेत. 2024 मध्ये सुमारे 250 नोकऱ्या गेल्या, फेब्रुवारी 2025 मध्ये आणखी 200 पर्यंत जातील असं क्लबने जाहीर केलं. कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद झालं. फर्ग्युसन यांचा सदिच्छादूत म्हणून असलेला, वर्षाला 20 लाख पौंडांहून जास्तीचा करार संपवला. हंगामाच्या मध्यात उरलेली तिकिटं सरसकट 66 पौंड केली, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांनाही सवलत नाही. यातलं काहीच शोभणारं नाही. पण याचा अर्थ पगाराला पैसे नव्हते असा होत नाही. त्याच हंगामात प्रशिक्षक एरिक टेन हाग, त्यांचे सहकारी आणि क्रीडा संचालक डॅन अॅशवर्थ यांना घरी पाठवायला क्लबने 1.45 कोटी पौंड मोजले. टेन हाग यांचा करार जुलै 2024 मध्ये वाढवला आणि ऑक्टोबरात त्यांना काढलं. अॅशवर्थ जुलैत आले, डिसेंबरात गेले. डब्यात वाचवलेलं असं निर्णयांत उडालं.

पगार थांबणं म्हणजे काय, ते बघायला मँचेस्टरला जायला नको. ऑगस्ट 2025 मध्ये इंडियन सुपर लीग होणार की नाही हेच ठरेना, तेव्हा बेंगळुरू एफसीने मुख्य संघातले खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार बेमुदत थांबवले. ज्या लीगची मॅच नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपण कधी काळी तिकीट काढून बघितली, त्या लीगमधला हा क्लब. त्यावर आपल्या एकाही ग्रुपवर दोन ओळी आल्या नाहीत. आणि एक सांगतो, ओल्ड ट्रॅफर्डच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या बाईची नोकरी गेली यावर हसणाऱ्या इमोज्या टाकणं मला तरी जमत नाही. गोल तिने खाल्ले नव्हते.

‘मग खेळाडू कुठून आणले?’ हप्त्यांवर आणि ताळेबंदाच्या नेहमीच्या रीतीने, आपण आणतो तसेच. 2025 च्या ट्रान्सफर विंडोत (खेळाडू खरेदी-विक्रीच्या मुदतीत) कुन्या 6.25 कोटी पौंडांना, म्बेमो साडेसहा कोटींना (वर 60 लाख, ठरलेल्या अटी पुऱ्या झाल्या तर), सेस्को 7.65 कोटी युरोंना (वर अटींचे वेगळे). सेस्कोचा करार पाच वर्षांचा, म्हणून हिशेबात त्याची किंमत एका वर्षात धरली जात नाही. दरवर्षी साधारण 1.53 कोटी युरो, अशी पाच वर्षांत विभागली जाते. विक्रीचं उलट. खेळाडू विकला की नफा त्याच वर्षात जमा, आणि तो अकादमीतून वर आलेला असला तर पुस्तकात त्याची किंमत जवळपास शून्य, म्हणजे आलेली जवळपास सगळी रक्कम नफा. मॅकटॉमिने नापोलीला गेला, गार्नाचो 4 कोटींना चेल्सीला गेला, तेव्हा हेच झालं. यात घोटाळा काही नाही. शहाणपण आहे असंही नाही. ज्या अँटनीसाठी 2022 मध्ये साडेनऊ कोटी युरोंच्या आसपास मोजले, तो 2025 मध्ये स्पेनच्या बेटिसला त्याच्या पावपट पैशांत गेला. आणि विर्ट्झ, इसाक यांच्यासाठी आपण मोजलेले आकडे बघितले तर इतरांच्या खर्चावर आपण फार बोलू नये.

गुणकपातीचं लवकर उरकतो. प्रीमियर लीगच्या 2025-26 पर्यंतच्या नियमानुसार तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त 10.5 कोटी पौंडांचा तोटा चालत होता. युनायटेडचे 2023-24 पर्यंतचे तीन वर्षांचे तोटे जोडले तर 25 कोटींच्या पुढे जातात. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा हीच बेरीज केली आणि ‘सापडले!’ म्हणाला. पण अकादमी, महिला संघ, स्टेडियमची कामं, समाजकार्य यांवरचा खर्च या मोजणीत धरत नव्हते. शिवाय 2023-24 चा तोटा फुगण्यात रॅटक्लिफ यांच्याशी झालेल्या व्यवहाराचाही मोठा खर्च होता. जानेवारी 2025 मध्ये प्रीमियर लीगनेच सांगितलं की त्या तीन वर्षांसाठी एकाही क्लबने मर्यादा ओलांडलेली नाही. त्याआधीच्या वर्षांच्या मोजणीत मर्यादा ओलांडली म्हणून एव्हर्टनचे आधी 10 गुण कापले, अपिलात ते 6 झाले, मग आणखी 2 गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4 गेले. युनायटेडला युएफाकडून (युरोपची फुटबॉल संघटना) 2023 मध्ये 3 लाख युरोंचा दंड झाला, बस्स.

रॅटक्लिफ यांनी कर्ज फेडलेलं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी 27.7 टक्के हिस्सा घेतला, म्हणजे बहुतेक पैसा शेअर विकणाऱ्यांच्या खिशात गेला. वर 30 कोटी डॉलर त्यांनी क्लबमध्ये घातले, ते स्टेडियम आणि सुविधांसाठी. फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे, बहुमत अजून ग्लेझर कुटुंबाकडे.

राहता राहिलं ते जाड ठशातलं वाक्य. सीवूड्सला मॅच बघायला जमणारी निम्मी पोरं 2010 मध्ये बालवाडीत असतील, त्यांना माफ आहे. बाकीच्यांना कसं विसरता आलं?

फेब्रुवारी 2007 मध्ये टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या दोन अमेरिकनांनी लिव्हरपूल घेतला. तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की ग्लेझरांसारखं आम्ही करणार नाही, खरेदीचं कर्ज क्लबवर टाकणार नाही. वर्षभरात तेच केलं. नवं स्टेडियम बांधायचं वचन दिलं होतं, त्याचं काही झालं नाही. दोघे मालक एकमेकांशी बोलेनासे झाले. 2008 मध्ये चाहत्यांनी स्पिरिट ऑफ शँकली ही संघटना काढली आणि मालकांविरुद्ध मोर्चे सुरू झाले. 15 ऑक्टोबर 2010 ही रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची परतफेडीची मुदत. तिच्या आधी संचालक मंडळाने क्लब बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या मालकांना 30 कोटी पौंडांना विकायचं ठरवलं, तर हिक्स-जिलेटनी मंडळातले दोन संचालकच काढून टाकायचा घाट घातला. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं. 13 तारखेला निकाल मालकांच्या विरोधात लागला. तर त्याच संध्याकाळी त्यांनी टेक्सासमधल्या कोर्टातून विक्रीवर मनाई आणली! इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबची विक्री डॅलसच्या न्यायाधीशाने थांबवलेली. दुसऱ्या दिवशी लंडनच्या न्यायालयाने ती मागे घ्यायला लावली, आणि ऐन मुदतीच्या दिवशी व्यवहार झाला. आपला आताचा मालक एफएसजी (फेनवे स्पोर्ट्स ग्रुप) तो हाच. तो कसाही वाटो, क्लब घेण्यासाठी काढलेलं कर्ज त्याने आल्याबरोबर मिटवलं आणि स्वतःच्या खरेदीचा बोजा क्लबवर ठेवला नाही. युनायटेडमध्ये आणि आपल्यात पुढच्या पंधरा वर्षांत जो फरक पडला त्याची सुरुवात तिथे आहे. 19 ऑक्टोबर 2025 च्या रात्री आपल्या अॅनफिल्डवर युनायटेडच्या मॅग्वायरच्या हेडरने आपण 2-1 हरलो म्हणून तो फरक पुसला जात नाही, आणि हा मजकूर नेमका त्या रात्रीनंतर जोरात का फिरायला लागला हेही सगळ्यांना कळतं.

व्यवहार फिसकटला असता तर क्लब प्रशासकाच्या (कर्ज फेडू न शकणाऱ्या कंपनीवर नेमतात तो) ताब्यात जाण्याची टांगती तलवार होती. त्याला लीगची शिक्षा 9 गुणांची. त्याच वर्षी पोर्ट्समथने ती भोगली होती आणि ते खालच्या विभागात गेले होते. त्या ऑक्टोबरात ब्लॅकपूलकडून घरच्या मैदानावर हरून लिव्हरपूल अठराव्या नंबरावर होता. सात मॅच, सहा गुण. सहातून नऊ गेले की किती उरतात, ते मजकूर पुढे पाठवण्याआधी मोजून बघा.