पाच फुटी सरीतल्या मामी

मामींच्या एकसष्टीचं शूटिंग झालं, अडीच तासांचं. फोटोग्राफरनं डीव्हीडी दिली एकच, आणि जादा प्रतींचा जो आकडा सांगितला त्यात चार माणसांचा तांबडा-पांढरा निवांत झाला असता. नात्यात सात घरी वाटायच्या होत्या. फोनवर पाठवतो म्हटलं तर मामी म्हणाल्या, "फोनात मी अंगठ्याएवढी दिसते. तुला कॉम्प्युटरातलं कळतं न्हवं? मग?"

आता या 'मग'ला उत्तर नसतं. शिवाय माझ्या कपाटात कोऱ्या सीड्यांचा पन्नासचा डबा पडून होता. कधीकाळी स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. त्याचं सार्थक करायची हीच वेळ, असं वाटलं आणि तिथंच घात झाला.

डीव्हीडीत माल 4.7 जीबी, सीडीत जागा 700 एमबी. म्हणून पहिली वीस मिनिटं, म्हणजे औक्षण आणि अर्धं भाषण, आहे त्याच डीव्हीडीच्या साच्यात सीडीवर चढवली. कॉम्प्युटरवर झकास चालली. टीव्हीखालच्या प्लेअरनं मात्र ती आत घेतली, दोनदा खोकला, 'नो डिस्क' लिहिलं आणि बाहेर ढकलली. डिस्क त्याच्या पोटात होती हो! असल्या सात सीड्या मी वाया घालवल्या. शेवटी सगळं बोचकं उचलून राजारामपुरीत एका झेरॉक्सवाल्याकडं गेलो.

काउंटरवरच्या पोरानं सीडी बोटात अडकवून गरगर फिरवली. "काका, हे अजून चालतंय?" तो सीडीबद्दल विचारत होता, असं मी धरून चाललोय.

शेजारी सातबाराच्या झेरॉक्ससाठी एक पाहुणे उभे होते. गांधी टोपी, काखेत पिशवी, आणि कोल्हापुरात असतो तसा दुसऱ्याच्या कामासाठी भरपूर वेळ. त्यांनी माझी डीव्हीडी घेतली, तिच्यावर सीडी ठेवली, डोळ्यासमोर धरून कडा जुळवून बघितल्या.

"एकाच मापाच्या हैत की वं. मग बसंना कसं?"

मी म्हटलं, "माप एकच, बारा सेंटिमीटर. पण आतल्या रेघा वेगळ्या. सीडीत दोन रेघांत अंतर जास्त, डीव्हीडीत निम्म्याहून कमी."

"म्हंजे सरी!" पाहुणे उजळले. "ही पाच फुटी सरी, ती दोन फुटी. रान तेवढंच, ऊस दुपटीच्या वर. आसं सांगा की सरळ!" मग पोराकडं वळून, "आणि दोन फुटी सरीत मोठा ट्रॅक्टर शिरत न्हाई. बारका लागतोय. व्हय का न्हाई सर?"

व्हय. डीव्हीडीचा लेझर सीडीच्या लेझरपेक्षा बारीकच असतो. हे मला समजायला दोन रात्री लागल्या होत्या.

"मग रुंद सरीत दाट लावण केली तर?" पाहुण्यांनी पुढचा प्रश्न टाकला. मी तेच केलं होतं. डीव्हीडीच्या चित्राला जेवढा माल दर सेकंदाला लागतो, तो पुरवायचा तर सीडी तिच्या मूळच्या नऊपट वेगानं वाचावी लागते. कॉम्प्युटर पळवतो, घरचे बरेच प्लेअर पळवत नाहीत. "म्हंजे बैल जुना," पाहुण्यांनी निकाल दिला. पोरगं हसलं. ते बैलाला हसलं की मला, हे अजून ठरत नाहीये.

याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं तयार केला होता. शंभर वर्षांनी आम्ही सात जणांना मामी दाखवू शकत नाही. माझ्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट बुरशीनं खाल्ली, मुलाच्या बारशाची सीडी आता कुठल्याच नव्या लॅपटॉपात जात नाही, कारण तिला भोकच ठेवलेलं नाही. दर दहा वर्षांनी जुन्या आठवणी नव्या भांड्यात ओतायच्या, आणि भांडं आपल्याच खर्चानं घ्यायचं. विनोद कसला यात?

मग पोरानं व्हीसीडी करून दिली, म्हणजे चित्र हलकं करून सीडीच्या मूळच्या वेगात बसवलेलं. एका सीडीत जेमतेम ऐंशी मिनिटं, म्हणजे घरटी दोन, एकूण चौदा. चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, मूळच्या पावपट. पैठणीवरचे मोर कोंबड्या झाले आणि मामींच्या नथीचा एक पांढरा चौकोन. पैसे मोजताना लक्षात आलं, कोऱ्या डीव्हीड्या घेतल्या असत्या तर यात सातही भागल्या असत्या.

निघालो तर पाहुणे मागून आले. त्यांची नजर वाया गेलेल्या सीड्यांवर होती.

"सर, त्या टाकणार आसशीला तर द्या की. शाळवात पाखरं लई बसायलीत. दोऱ्याला बांधली की चमकतीया, एक पाखरू थांबत न्हाई."

मी दिल्या. साती.

"ह्यात काय हाय म्हणला?"

"मामींचं औक्षण."

"मग तर आजिबात थांबायची न्हाईत," म्हणत त्यांनी पिशवीत टाकल्या.