बाळ दूध पिताना घामाघूम होतं? ती दृष्ट नव्हे

सोलापुरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय: ‘दूध ओढताना बाळ घामाघूम होऊन रडलं तर दृष्ट काढा. हृदयाची धमनी जन्मतः चुकीची असेल तर इलाजच नाही.’ दोन्ही चूक.

क्वचित डावी कोरोनरी धमनी (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी) महाधमनीऐवजी, म्हणजे शरीराला शुद्ध रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीऐवजी, फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या फुप्फुसधमनीतून निघते. जन्मानंतर काही आठवड्यांत फुप्फुसधमनीतला दाब उतरतो आणि हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरं पडतं. दूध ओढणं हेच तान्ह्याचं कष्टाचं काम, म्हणून त्रास तेव्हाच दिसतो. घामाची कारणं इतरही असतात. पण ईसीजी, टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) कराच. ‘हृदय मोठं झालंय’ एवढंच सांगितलं, तर धमनी कुठून निघते हेही विचारा. खात्री सीटी अँजिओग्राफीने (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनने) होते. शस्त्रक्रियेत धमनी महाधमनीला जोडतात. वेळेत झाली तर बहुतेक बाळांचं हृदय सावरतं. उपचाराविना बहुतेक बाळं वर्षही काढत नाहीत. पैशांसाठी थांबू नका, मुलांच्या मोफत उपचारांच्या सरकारी योजनेबद्दल, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल, सिव्हिलमध्ये विचारा.